डब्ल्यूडीएम-२: अंग मोठं, पाय बारीक
एचओ या मॉडेल-रेल्वेच्या मापातलं डब्ल्यूडीएम-२, म्हणजे भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं मॉडेल, रुळावर ठेवलं की अंगाच्या मानाने पाय बारीक वाटतात, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. १:८७ प्रमाणात १६.५ मिमीचे रूळ म्हणजे खऱ्या मापात १४३५ मिमीचा गेज (दोन रुळांमधलं अंतर). आपला ब्रॉडगेज १६७६, म्हणजे मॉडेलला साधारण १९ मिमी हवेत.

मला मात्र बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा, जास्त खटकते. खऱ्या इंजिनात तीन आसांमधली अंतरं सारखी नसतात. ती समान केली की ओळखच हरवते. आत अल्को या अमेरिकन कंपनीचं १६ सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं इंजिन! पुण्याहून मिरजेकडे गाडी निघताना काळ्या धुराचा लोट उठायचा, कारण टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) वेग घेईपर्यंत हवा कमी पडते नि डिझेल अर्धवट जळतं. ती धडधड फलाटावर तळपायांना जाणवायची. रंग थोडा डावा असला तरी चालेल, बोगी बघूनच मॉडेल घ्या.