अनुभव धागा: विंगेत उभं राहून नाटक आवडायला लागलं, असं कुणाकुणाचं झालंय?

निवडचाचणीत नाव लागत नाही, कुणीतरी म्हणतं "मग बॅकस्टेजला ये", आणि तो माणूस तिथलाच होऊन जातो. विद्यार्थी असताना रंगमंच व्यवस्था करता करता आपली जागा हीच, असं तुम्हाला कशामुळे वाटलं? सुरुवात मी करते.

मला संहिता धरून प्रॉम्प्टिंगला बसवलं होतं. दिग्दर्शक तालमीत रोज हालचाली बदलायचा आणि काल काय ठरलं ते एकाही नटाला आठवायचं नाही. मी समासात टिपायला लागले: कुठल्या शब्दावर उठायचं, कप कुठल्या हातात, एक्झिट डावीकडून की उजवीकडून. (डावं-उजवं नटाचं, प्रेक्षकांचं नव्हे. निम्मी भांडणं यावरूनच.) पेन्सिलीनेच, कारण उद्या खोडायचं असतं. हळूहळू दिग्दर्शकसुद्धा विचारायला लागला, "वहीत काय आहे?" भूमिका करताना असा रुबाब कधी अनुभवला नव्हता!

*

माझं वेड वेळेचं. दिवे आणि ध्वनी चालवणारे वेगळे, हेडसेटवरून त्यांना क्यू, म्हणजे बदल कधी करायचा त्याचा इशारा, देणारा मी. आधी "लाइट क्यू बारा, स्टँडबाय", तिकडून होकार आला की नेमक्या क्षणी "गो". एरवी हा शब्द हेडसेटवर उच्चारायचाच नाही, नाहीतर कुणाचं तरी बोट बटणावर पडायचं. शेवटच्या प्रवेशात मुलगी पत्राची घडी घालते आणि काळोख होतो, संहितेत एवढंच. पण घडी झाल्यावर "गो" म्हटलं तर उशीर होतो, माझा शब्द ऑपरेटरच्या बोटापर्यंत जाईतो क्षण निघून जातो. बघता बघता लक्षात आलं, शेवटची घडी घालण्याआधी ती श्वास घेते. मी त्या श्वासावर क्यू द्यायला लागलो. एका प्रयोगात तिचा गळा दाटला, श्वास लांबला. मी थांबलो, ऑपरेटर थांबला, आणि काळोख घडीवरच पडला. प्रेक्षकांना यातलं काही कळलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागेना.

*

बाप रे, वरचे दोघं फारच भारी! मला आपलं प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात नटांना लागणाऱ्या वस्तूंचं, टेबल आवडलं. कागद अंथरायचा, प्रत्येक वस्तूभोवती रेघ मारायची, आत नाव लिहायचं. चष्म्याची जागा रिकामी दिसली की समजायचं, चष्मा कुणाच्या तरी खिशातून घरी निघालाय.

*

आवड मलाही लागली, पण ती लागलेल्या पोराला सगळे गृहीत धरतात, हेही लिहायला हवं. सेट उचल, निरोप दे, हरवलेलं शोध, सगळं त्याच्याच माथी.

तरी अंधारातला सेटबदल म्हणजे माझा जीव की प्राण. कोण काय उचलणार याचा कागद केला होता: दोघं पलंगाला, एक दाराला, रिकाम्या हाताने आत जायचं नाही आणि बाहेरही यायचं नाही. पलंगाच्या पायांच्या खुणा जमिनीवर चमकत्या टेपने. घड्याळ लावून इतकं घोटलं की मधल्या संगीताचा तुकडा दिग्दर्शकाला कापावा लागला. माहितीपत्रकात आम्ही कोण? "आणि इतर".

*

"आणि इतर" वाचून फुटले! पुढच्या वेळी माहितीपत्रकाचा मजकूर छापायला पाठवायचं कामही तुम्हीच अंगावर घ्या.