मीटरला एलईडी टाकले, पण डिमर चालेना. मदत हवी आहे

मंडळी, जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे, मीटरचा पिवळट उजेड रात्री फारच मंद वाटायचा म्हणून क्लस्टर (सगळ्या मीटरचा एकत्र डबा) खोलून मागचे टी१० साइजचे छोटे बल्ब काढले आणि पांढरे एलईडी बसवले. स्पीडोमीटर मस्त दिसतोय, पण आरपीएमची (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरची) अर्धी बाजू अंधारात. एलईडीला प्लस-मायनस असतं म्हणून न पेटणारे उलटे फिरवून बघितले, एक पेटला, दुसरा ढिम्म. होल्डरवर १२ व्होल्ट येतायत, मग एलईडीचे पाय बारीक असल्याने होल्डरच्या पत्र्यांना टेकत नसतील का?

खरी डोकेदुखी डिमरची, म्हणजे मीटरचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाची. जुना रिओस्टॅटवाला (फिरवून रेझिस्टन्स बदलणारा) आहे, फिरवला तरी उजेड जवळपास तसाच आणि अगदी शेवटी लुकलुकून बंद. एलईडी करंटच इतका कमी खातात की त्याला पकडायला काही मिळत नाही असं वाटतंय. पॅरललमध्ये रेझिस्टर टाकू का सरळ पीडब्ल्यूएम डिमर (करंट झटपट चालू-बंद करून उजेड कमी करणारा)? रेझिस्टर तापतो आणि आजूबाजूला सगळं प्लास्टिक, त्याचीच धास्ती.

बॅटरीच्या वॉर्निंग दिव्याला हात लावलेला नाही, बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरला) सुरुवातीचा करंट जातो. कोणी तिथे एलईडी टाकलाय का, चार्जिंग नीट होतं का?

आणि प्लीज मीटरचे काटे काढायला सांगू नका, रीडिंग चुकायला लागतं.