मदत हवी आहे: मुंबई पालिकेचे मतदान १० टक्क्यांनी कसे वाढले?

मंडळी, एका लेखासाठी आकडे चाळतोय. मुंबई महापालिकेला २०१२ मध्ये जेमतेम ४५ टक्के मतदान झालं होतं, २०१७ मध्ये ते ५५ च्या वर गेलं. मधल्या काळात शिवसेना-भाजप युती तुटली होती, २२७ जागांच्या पालिकेत दोघे समोरासमोर लढले आणि ८४-८२ असे अडकले. चुरस वाढली म्हणून माणसं बाहेर पडली, असं मला वाटतं. पण मतदार यादीतली दुबार नावं कमी झाल्यानेही टक्का फुगू शकतो ना?

तेव्हा शाखेत किंवा बूथवर काम केलेलं कुणी आहे का इथे? घरोघरी चिठ्ठ्या वाटताना काय फरक जाणवला? केंद्रनिहाय आकडे कुठे मिळतील, तेही सांगा. चाळी आणि टॉवर वेगळे काढून बघायचे आहेत.