निवृत्तीला महिना उरल्यावर 'अनुभव लिहून द्या' म्हणणं बंद करा

रबाळे_मेंटेनन्स
आमच्या कारखान्यातले जुने फिटर एकामागून एक निवृत्त होताहेत. शेवटच्या महिन्यात प्रत्येकाच्या हातात एक जाडजूड फॉर्म पडतो : आपल्या कामातला अनुभव लिहून द्या. माणूस तेव्हा पीएफ-ग्रॅच्युइटीच्या कागदांमागे असतो. चार ओळी खरडतो, सही करतो, फाइल कपाटात जाते. त्यापेक्षा निवृत्तीआधी सहा महिने एक नवा मुलगा त्याच्याच पाळीत त्याच्यासोबत द्या.

आमचे एक काका स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवतात, त्याची मूठ कानाला लावतात आणि सांगतात, "रविवारच्या शटडाउनपर्यंत काढेल." तो आवाज फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहायचा?

तुर्भे_क्यूए
अजिबात पटलं नाही. मुलगा तयार झाला की तळोज्यात दोन हजार जास्त मिळतात म्हणून निघून जातो. कंत्राटी माणसं तर सतत बदलतात. मग परत पहिल्यापासून?

आवाजाचं मान्य, पण लिहिण्यासारखं कितीतरी असतं. ग्लँड पॅकिंगचंच घ्या, म्हणजे पंपाच्या फिरत्या शाफ्टभोवती गळती रोखायला दाबून बसवलेली दोरी. नवा माणूस गळती दिसली की नट आवळत सुटतो. पाणी थांबतं, पॅकिंग कोरडं पडून जळतं, शाफ्टच्या स्लीव्हवर चरे पडतात. थेंब थेंब पाणी पडायलाच हवं, त्यानेच पॅकिंग थंड राहतं. एवढं पंपाशेजारी पाटीवर लिहायला सहा महिने कशाला लागतात? आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.१.६ याचसाठी आहे : कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते संस्थेने ठरवायचं, जपायचं, गरजेच्या माणसाला मिळेल असं ठेवायचं. ते एका काकांच्या कानात ठेवून भागत नाही.

ऐरोली_आयटी
आमच्याकडे नोटीस पिरियडमध्ये केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर होते : जाणारा आपलं काम नव्याला समजावून सांगतो. तासन्‌तास रेकॉर्डिंग, नंतर कोणी उघडत नाही. खरी कामाला येते ती रिव्हर्स केटी : नवा माणूस समजलेलं सगळं बोलून दाखवतो, जाणारा चुकलं तिथे थांबवतो. आपल्याला काय काय येतं हे जाणाऱ्यालाही प्रश्न आल्याशिवाय आठवत नाही.

कळवा_जुना_कामगार
तुम्ही सगळे कंपनीच्या बाजूनेच बोलताय. कामगाराने सांगायचं कशासाठी? सांगून झालं की त्याच्या जागी निम्म्या पगारात कंत्राटी येतो. ठाणे-बेलापूर रोडवरचे कारखाने बंद होताना आम्ही पाहिलेत. त्या जमिनींवर आज आयटी पार्क आणि डेटा सेंटर आहेत. अनुभव हीच आमची शेवटची ताकद होती, तीही फुकट द्यायची?

रबाळे_मेंटेनन्स
दादा, पगाराचं तुमचं शंभर टक्के बरोबर. पण केमिकल प्लांटमध्ये असं अडवून धरता येत नाही. एखादा व्हॉल्व्ह बंद दिसतो आणि आतून गळत असतो, हे एकालाच ठाऊक असतं. तो रजेवर असताना दुसरा कोणी लाइन खोलतो. अंगावर ॲसिड येतं ते आपल्यातल्याच कोणाच्या तरी, साहेबाच्या नाही. असली माहिती त्याच दिवशी, त्याच पाळीत सगळ्यांना कळलीच पाहिजे.

घोडबंदर_ट्रेनिंग
कळवावाल्या दादांच्या प्रश्नावर झेरॉक्स कंपनीचा अनुभव बघा. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात तिथल्या मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत फिरून अभ्यास केला. मॅन्युअलमध्ये न सापडणारे बिघाड ते जेवताना, कॉफी पिताना एकमेकांना किस्से सांगत सोडवत होते. पुढे १९९० च्या दशकात कंपनीने 'युरेका' नावाचं दुरुस्तीच्या युक्त्यांचं सामायिक भांडार उभं केलं. तंत्रज्ञाने युक्ती लिहायची, दुसऱ्या अनुभवी तंत्रज्ञांनी तपासायची, मग ती लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना मिळायची. नावामुळे मान मिळाला आणि लोक लिहू लागले.

तुर्भे_क्यूए
हे मला चालेल, कारण इथे तपासणी आहे. माझी भीती तीच : काकांची एखादी सवय चुकीची असली तर सहा महिन्यांत तीही मुलाच्या हातात उतरते. आणि हे सगळं नोकरीभर चालू हवं, निवृत्ती तोंडावर आल्यावर नको.

कळवा_जुना_कामगार
नावाने घर चालत नाही, ताई. शिकवणाऱ्याला भत्ता द्या आणि तो वेतन करारात लिहा. निवृत्तीनंतरही महिन्यातून काही दिवस मानधनावर बोलवा. मग बघा कोण सांगत नाही ते.

रबाळे_मेंटेनन्स
भत्त्याची मागणी मी लेखी देतोय. करार नूतनीकरणाला आलाच आहे. सहा महिन्यांवरून मात्र हटणार नाही, बेअरिंगचा आवाज पाटीवरून शिकता येत नाही.