लाल भोपळ्याचा सॉस आणि पास्त्याचं पाणी

पास्ता गिच्च होतो आणि मुलं भाज्या वेचून ताटाच्या कडेला काढतात, या दोन्ही अडचणींतून मीही गेले आहे. आधी पाकीट बघा. मैद्याच्या पास्त्याचा पटकन लगदा होतो, ड्युरम गव्हाच्या रव्याचा घ्या. 100 ग्रॅमला लिटरभर पाणी, उकळी आल्यावर मीठ, आणि पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी गॅस बंद. मग गार पाण्याखाली धुऊ नका, कृपा करून! वरच्या त्या पिठूळपणामुळेच सॉस धरून राहतो. पास्ता उकळलेलं वाटीभर पाणीही काढून ठेवा.

सॉस मी रविवारीच करते. 4 टोमॅटो, 1 गाजर, लाल भोपळ्याची मोठी फोड, लसणाच्या 2 पाकळ्या, कुकरला 2 शिट्ट्या; मिक्सरमधून काढून लोण्यावर परतायचं. भोपळ्याच्या गोडीने टोमॅटोचा आंबटपणा मरतो, साखर लागतच नाही. उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. बुधवारी ऑफिसातून आल्यावर सॉस गरम करायचा, त्यात पास्ता आणि राखलेलं पाणी, वर किसलेलं चीज. धाकटीला शंखाच्या आकाराचाच लागतो, कारण सॉस आत भरतो. चिली फ्लेक्स मोठ्यांच्या ताटात वरून.