बहिणीचा पोटगीचा अर्ज ऑनलाइन दाखल करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

रानजाई
धाकटी बहीण मार्चपासून माझ्याकडे हडपसरला आहे, पदरात चार वर्षांची मुलगी. नवरा नागपूरला असतो, मुलीसाठीसुद्धा एक रुपया पाठवत नाही. घटस्फोटाचं पुढे बघू, आधी पोटगी, असं तिनं ठरवलंय. ती एका दुकानात कामाला जाते, पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या प्रत्येक खेपेला तिचा अर्धा दिवस कापला जातो. म्हणून ई-फायलिंगचा विचार आहे. वकील अजून केलेला नाही. तिला स्वतःला दाखल करता येईल का? आणि नवरा नागपूरचा असताना पुण्यात अर्ज चालेल का?

तळजाई_०७
चालेल. पोटगीचं म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. बायको जिथे राहते त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. वकील नसला तरी अडत नाही, कौटुंबिक न्यायालयात पक्षकार स्वतः उभा राहू शकतो. मी माझा अर्ज स्वतःच दाखल केला. ईकोर्ट्सच्या ई-फायलिंग पोर्टलवर नोंदणी करताना वकील की स्वतः पक्षकार, असं विचारतात, तिथे पक्षकार निवडायचं.

खरा वेळ गेला तो उत्पन्न-मालमत्तेच्या शपथपत्रात. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात त्याचा नमुना दिलाय आणि तो दोन्ही बाजूंना भरावा लागतो. बहिणीचा पगार त्यात स्वच्छ लिहा. कमावते म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही, आणि मुलीचा हक्क वेगळा आहेच. पण लपवलेला पगार समोरच्यानं बँकेच्या उताऱ्यावरून दाखवून दिला, तर तिच्या बाकीच्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

कागदपत्री
वकिलांच्या ऑफिसात कारकून आहे, रोज हेच काम. अर्ज परत येतात ते कायद्यामुळे कमी, कागदांमुळे जास्त. मोबाइलवर फोटो काढून केलेली पीडीएफ, त्यात बोटाची सावली, शिक्का अर्धा कापलेला, हे रोज बघतो. ए-फोर आकारात नीट स्कॅन करा, पानांवर क्रमांक घाला, अनुक्रमणिका त्याच्याशी जुळवा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही. शपथपत्र नोटरीसमोर करून मगच स्कॅन करायचं आणि मूळ प्रत जपून ठेवायची, कोर्ट ती मागू शकतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका.

अपलोड झालं की बरेच जण निर्धास्त होतात. तसं करू नका. दर दोन-तीन दिवसांनी पोर्टल उघडून कोर्टाच्या कार्यालयानं अर्जात काही त्रुटी, म्हणजे हरकत, काढली का ते बघा. नोंदणी झाल्यावर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळतो, पुढच्या तारखा त्यावरूनच ईकोर्ट्सच्या अ‍ॅपवर दिसतात.

रानजाई
खूप आभार दोघांचे. एक अडचण काल रात्रीच लक्षात आली. तिच्या आधारला मोबाइल नंबर नवऱ्याचा जोडलेला आहे. लग्नानंतर पत्ता बदलताना त्यानंच भरला होता. पोर्टलवर ऑनलाइन सही आधारच्या ओटीपीनं करायची, तर तो ओटीपी त्याच्याकडे जाईल!

तळजाई_०७
हे आधी सोडवा, बाकी सगळं नंतर. तिनं स्वतः आधार केंद्रात जायचं, बोटांचे ठसे देऊन नंबर बदलून मिळतो, वेगळा कागद लागत नाही. ईमेलही नवा उघडा, जुन्याचा पासवर्ड त्याला माहीत असू शकतो. नोंदणी तिच्याच नंबरावर करा, तुमच्या नको. थांबायचं नसेल तर कोर्टाच्या ई-सेवा केंद्रात, म्हणजे ऑनलाइन दाखल करायला मदत करणाऱ्या खिडकीवर, कागद घेऊन जा. मला तिथल्या ताईंनी शेजारी बसवून अर्ध्या तासात सगळं करून दिलं होतं.

अ‍ॅड_शर्वरी
कौटुंबिक वकिली करते, म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते. सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका. त्याच २०२० च्या निकालानुसार पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मिळते. नवऱ्याची पगारस्लिप मिळावी म्हणून दोन महिने घालवले तर ते दोन महिने मुलीच्या वाट्याचे गेले. त्याच्या नोकरीबद्दल जे माहीत आहे ते लिहा, उत्पन्न उघड करणं त्याच्यावरही बंधनकारक आहे. लग्नाचा पुरावा, मुलीचा जन्मदाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि शपथपत्र एवढं हातात आलं की दाखल करा. सोबत अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज जोडाच, तो नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा सांगतो.

पैशांची काळजी नको. पोटगीच्या दाव्यात महिलांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. वकीलही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करा. अर्ज स्वतः भरला तरी उलटतपासणीला वकील सोबत असलेला बरा.

आणि खेपा पूर्ण टळणार नाहीत, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. समुपदेशकांसमोर तिला स्वतः यावं लागेल. दुकानात तशी आधी कल्पना दिलेली बरी.

रानजाई
शर्वरीताई, अर्जाच्या तारखेचं मला ठाऊकच नव्हतं. आम्ही त्याच्या पगारस्लिपसाठीच थांबलो होतो. उद्या सकाळी आधार केंद्र, तिथूनच नोटरीकडे. बहीण आत्ता शेजारी बसून शपथपत्राचा नमुना वाचतेय, घरभाड्याच्या रकान्यापाशी अडलीय. ती माझ्याकडे भाडं देत नाही, तर तिथे काय लिहायचं?

अ‍ॅड_शर्वरी
जे खरं आहे तेच. ‘बहिणीच्या घरी राहते, भाडं नाही.’ आणि मुलीचा बालवाडीचा, दुधाचा, औषधाचा खर्च वेगवेगळा लिहा, एकत्र नको.