मक्यावर हिरवी बुरशी: म्हशींना घालावा का?

प्रश्न (सिल्लोड): परतीच्या पावसात कणसं भिजली. मळणीनंतर मीटरवर ओल 17 टक्के. काही दाण्यांच्या टोकाला हिरवट-पिवळी भुकटी आहे. वाळवून भरडा केला तर चालेल का? अफ्लाटॉक्सिन (या बुरशीचं विष) घरी तपासता येतं का?

उत्तर 1: उन्हानं बुरशी थांबते, तयार झालेलं विष जात नाही. भाजून-शिजवूनही बरंचसं उरतं. दुभत्या जनावराला तर नकोच. जनावराच्या अंगात या विषाचं एम-1 हे रूप होऊन दिवसभरात दुधात उतरतं. दुधात एम-1 ची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे.

उत्तर 2: फसगत होते ती नमुन्यात. विष मोजक्या दाण्यांत एकवटलेलं असतं, त्यामुळे वरची मूठ तपासून काही कळत नाही. प्रत्येक पोत्यातून वर-मध्ये-खाली मिळून 5 किलो काढा, सगळं बारीक दळा, नीट कालवा, मग त्यातलं थोडं तपासणीच्या किटला किंवा प्रयोगशाळेला. अतिनील दिव्याखाली दाणे चमकले तरी ती चमक बुरशीच्याच कोजिक आम्लाची, विषाची नव्हे. आणि चमकले नाहीत म्हणून सुटलात असंही नाही.

उत्तर 3: आधी चाळा. तुटके, किडके, रंग गेलेले दाणे आणि चुरा यांतच जास्त विष असतं. तोंडाला मास्क हवा. चाळून निघालेला हा माल कोंबड्यांनाही टाकू नका, त्यांना हे लवकर बाधतं. बाकी मका ताडपत्रीवर पातळ पसरून खालीवर करत 13 टक्क्यांखाली आणा. मीटर हाताशी नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत दाणे आणि कोरडं मीठ हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 च्या वर.

प्रश्नकर्ता: आणि टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवायला खाद्यात मिसळतात ते)?

उत्तर 1: बेंटोनाइट (एक प्रकारची माती) काही विष आतड्यात धरून ठेवतं. पण सडका मका खपवायला ते नाही.